बंद दारामागचा लसूणघास

फेटर राइनहोल्ट डाइनेस यांनी एकतीस वर्षं बेथनीच्या पाटावर पाटकऱ्याचं काम केलं आणि त्या एकतीस वर्षांत कुणालाही घोटभर पाणी जास्त दिलं नाही. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारे हीच गोष्ट आधी सांगतात. वाईट बोलणारेही हीच आधी सांगतात.

फेटर हे त्यांचं नाव नव्हे. आम्हा व्होल्गाकाठच्या जर्मनांत वडीलधाऱ्या पुरुषाला फेटर म्हणायची रीत आहे, मग तो नात्यातला असो की नसो. आमचे आजे-पणजे रशियातून इथे कोलोरॅडोत प्लॅट नदीकाठी बीट खुरपायला आले. भाषा नातवंडांच्या तोंडून गेली, हा एक शब्द राहिला. माझं लग्न होऊन मी या वस्तीवर आले तेव्हापासून फेटर आमचे शेजारी. मधे फक्त एक चारी आणि काटेरी तारांचं कुंपण.

पाटकऱ्याला आवडणारी माणसं थोडी. वरून बर्फ कमी पडलं की नदीत पाणी कमी, नदीत कमी की पाटात कमी. ज्याची पाळी संपली त्याच्या शेताकडचं पाटाचं दार लावून कुलूप घालणं हे त्याचं काम. फेटर कुलपावर थांबत नसत. कुलपाच्या किल्ल्या दोन-तीन घरांत निघतातच, हे त्यांना माहीत होतं. ते दाराच्या चाकाला गवताच्या गाठोड्याची सुतळी बांधत आणि तिला एक गाठ मारत. ती गाठ सोडता येई, पण पुन्हा तशीच मारणं त्यांच्याशिवाय कुणाला जमत नसे. सकाळी पिकअपमधून जाताना खाली न उतरताच त्यांना कळे, रात्री कोण उठला होता ते.

एकदा रविवारी उपासनेच्या आधी त्यांनी पाळकसाहेबांच्या परसातलं पाणी बंद केलं होतं. अंगात कोट, गळ्यात टाय, पायात रबरी बूट. दार लावलं, गाठ मारली, बूट गाडीत टाकून चामड्याचे जोडे घातले आणि तिसऱ्या बाकावर येऊन बसले. पाळकसाहेबांचा त्या दिवशीचा उपदेश क्षमेवर होता. सगळी मंडळी फेटरकडे बघत होती. फेटर गीतांच्या पुस्तकाकडे बघत होते.

बायको ओटिली गेल्यावर त्यांनी पाटाचं काम सोडलं. गुडघे संपले होते. दोन मुली आहेत, दोघी लांबच्या शहरांत, नाताळला फोन करतात. त्यांच्याकडे उरला चाळीस एकर लसूणघास आणि पाटाचे सहा शेअर, म्हणजे पाटाच्या पाण्यातले सहा हिस्से. पाटावर त्यांच्या जागी योलांदा आर्चुलेटा आली, आमची योली. तिचे वडील याच पाटावर दारं धरायचे, ती फेटरच्याच हाताखाली शिकली. तिच्याकडे नंबराच्या प्लास्टिकच्या सिली आहेत आणि हिशेब सगळा फोनमध्ये. तीही त्यांना फेटरच म्हणते.

आता खडीचं सांगते. ते नीट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या जमिनीत दोन-तीन हात माती, आणि खाली नदीनं हजारो वर्षं आणून टाकलेले गोटे नि खडी. डेन्व्हरचे रस्ते, पूल, इमारती सगळ्या याच खडीच्या. रस्त्यापलीकडचं क्रॉयट्सरांचं शेत खडीवाल्या कंपनीनं घेतलं आणि खणायला सुरुवात केली. खडी निघाली तसं खालचं पाणी उघड्यावर आलं आणि तिथे मोठं तळं झालं. शहरातून येणारे लोक गाडी थांबवून फोटो काढतात. निळंशार पाणी, त्यावर बदकं. मलाही पहिल्या वर्षी छान वाटलं.

पण पूर्वी मातीखाली सावलीत असलेल्या पाण्यावर आता ऊन पडतं. तळ्याच्या प्रत्येक एकरातून वर्षाला अडीच-तीन फूट पाणी नुसतं आकाशात उडून जातं. ते पाणी नदीचं, आणि नदीतल्या प्रत्येक थेंबावर आधीच कुणाचा तरी हक्क लिहिलेला आहे. तेव्हा खडीवाल्यांना तेवढं पाणी नदीला परत भरून द्यावं लागतं. ते आणायचं कुठून? तर शेतकऱ्याच्या पाटाच्या हक्कातून. शेताला जाणारं पाणी शेतात न मोडता मापाच्या पन्हळीतून तसंच नदीत सोडायचं. आणि मग त्या शेतानं प्यायचं नाही. तळं उडवतं तेवढं शेतानं उपाशी राहून भरायचं, असा तो व्यवहार.

फेटरनी आपले शेअर दहा वर्षांसाठी खडीवाल्यांना दिले.

आमच्या यांनी, आल्विननं, त्यांना विचारलंही होतं. "तुम्ही? तुम्ही पाणी देताय?"

"अरे, मी वाकलो की उठायला दोन माणसं लागतात," फेटर म्हणाले. "दारं कोण धरणार? तू?"

"माझंच मला होत नाही."

"मग झालं तर."

जानेवारीत पाटाच्या भागधारकांची वार्षिक सभा होती. ती दरवर्षी चर्चच्या तळमजल्यातल्या दालनात होते आणि आम्ही बायका कोबी-मांस भरलेले बीरोक नि कॉफी करतो. म्हणून मी तिथे होते. खडीवाल्यांचा माणूस कर्टिस नकाशे घेऊन आला होता. सज्जन माणूस, जरा घाईतला. तो म्हणाला, शेत कोरडं राहील असं फेटरना लिहून द्यावं लागेल, आणि घास मुळापासून नांगरून काढलेला बरा. लसूणघासाची मुळं फार खोल जातात.

फेटर उभे राहिले. सभेत ते फारसे बोलत नसत.

"पाणी दारातून येतं," ते म्हणाले. "दार लावलं की पाणी नाही. एकतीस वर्षं मी हेच केलंय. घास दोन उन्हाळ्यांत आपोआप मरेल. नांगरलात तर वारा माती घेऊन जाईल, आणि ती परत कोण आणून देणार?"

"खालचं पाणी किती खोल आहे, तेवढं या रकान्यात लिहावं लागेल," कर्टिस म्हणाला. "खोल असेल तर पाणी खातं न नांगरता चालवून घेईल."

"बारा फूट. माझ्या बापानं आड खणला तेव्हा मी दोर धरून होतो."

"मोजून घेऊ या का एकदा?"

खालच्या अंगाचा हार्वी श्टोल मागून बोलला, "फेटरना मोजायला सांगताय? त्यांनी आम्हाला अर्धा इंचसुद्धा कधी सोडला नाही."

सगळे हसले. फेटरनी बारा लिहिलं, खाली सही केली. मग पेन टेबलावर ठेवून म्हणाले, "या दारातून माझ्या शेतात थेंब जाणार नाही. हे मी प्रभूसमोर सांगतो." असं म्हणायची काही गरज नव्हती. मी कॉफीची किटली घेऊन मागे उभी होते, माझ्या मनात आलं, एवढं कशाला.

पाटाला पाणी सुटण्याआधी योलीनं त्यांच्या दाराला कुलूप नि सील लावली आणि फेटरनी वरून आपली गाठ मारली. पहिल्या उन्हाळ्यात घास पिवळा पडला. ऑगस्टपर्यंत काड्या झाल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघायचे आणि माझ्या रोजच्या वहीत हवापाणी लिहिताना त्याचीही एक ओळ लिहायचे. चाळीस वर्षं त्या खिडकीतून हिरवं दिसलं होतं. फेटर संध्याकाळी बांधावर उभे राहत, सूर्यफुलाच्या बिया फोडत, टरफलं थुंकत.

त्या हिवाळ्यात खडीवाल्यांनी खाणीभोवती खोल चर खणला आणि त्यात चिकणमाती भरून जमिनीखाली भिंत उभी केली. खडी संपल्यावर त्या खड्ड्याचा हौद करून शहराला पाणी साठवायचं, असा त्यांचा बेत. महिनाभर यंत्रं चालली. माझ्या कपाटातल्या बश्या थरथरायच्या. मग तेही संपलं, आणि ते काम कशासाठी होतं हे आम्ही विसरूनही गेलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात घास हिरवा झाला.

मे संपता संपता आधी मधला पट्टा, मग सगळा. आणि कसा, तर गुडघाभर, काळपट हिरवा, वर जांभळी फुलं. पाणी देत होते तेव्हाही एवढा नव्हता. त्या वर्षी डोंगरावर बर्फ निम्मंच पडलं होतं. पाटाच्या शेपटाकडची दारं जूनमध्येच बंद झाली आणि हार्वीचे बीट दुपारी पानं टाकून झोपायला लागले. आणि मधे हे चाळीस एकर.

चर्चच्या पायऱ्यांवर हार्वीनं त्यांना गाठलं. "फेटर, तुमच्या घासावर प्रभूची खास मर्जी दिसते. आमच्या बीटसाठीही दोन शब्द टाका की."

फेटर म्हणाले, "दार बंद आहे."

"हो, बंद आहे. आम्हीही बघून आलो. कुलूप आहे, सील आहे, तुमची गाठसुद्धा आहे."

"मग?"

"मग काही नाही. चांगली गाठ आहे."

याच हार्वीचं दार फेटरनी एका कोरड्या वर्षी अकरा दिवस बंद ठेवलं होतं. ते तो कधी विसरला नाही. पण बोलणारा तो एकटा नव्हता. आमच्या बायकांच्या मंडळात गोधडी शिवताना हीच कुजबुज. एकतीस वर्षं दुसऱ्यांना पकडणारा माणूस, त्याला पाणी कसं घ्यायचं ते ठाऊक नसेल का? मी सुई खाली ठेवून म्हटलं, असं बोलू नये. सगळ्या खाली मान घालून शिवत राहिल्या, आणि त्या गप्पपणात त्यांचं मत होतं.

योली दोनदा येऊन दार तपासून गेली. दुसऱ्या खेपेला ती माझ्या ओसरीवर पाणी प्यायला बसली, तेवढ्यात फेटर कुंपणापाशी आले.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. सील माझीच, नंबर तोच. गाठ तुमचीच."

"झालं तर मग."

योली ग्लास फिरवत राहिली. "फेटर, तीच तर अडचण आहे. सील काय, ऑफिसातून कुणीही आणेल. पण ती गाठ तुमच्याशिवाय कुणाला मारता येत नाही. लोक म्हणतात, रात्री उघडून परत तशीच बांधणारे तुम्हीच."

फेटरना ते कळायला जरा वेळ लागला. मग ते कुंपणाच्या खांबाला हात लावून उभे राहिले.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"मला वाटतं तुम्ही पाणी घेतलेलं नाही. आणि मला वाटतं शेताला पाणी मिळतंय. दोन्ही एकदम कसं खरं, ते मला सांगता येत नाही. खातं सप्टेंबरात बघायला येणार आहे. मला काहीतरी लिहावं लागेल."

दुसऱ्या दिवसापासून फेटर घडीची खुर्ची घेऊन पाटाच्या दाराशी बसायला लागले. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. चोर पकडायला बसलेले तेच आणि ज्यांच्यावर संशय होता तेही तेच. रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या हळू होत, बघत, पुढे जात. मी दुपारी नूडल्सचं सूप नाहीतर पाव-सॉसेज घेऊन जाई.

"घरी चला," मी म्हणे. "ऊन बघा किती आहे."

"लिओना, तू जा. तुझं काम पडलं असेल."

"इथे बसून काय होणार?"

"कुणी उघडत असेल तर दिसेल."

"आणि कुणीच उघडत नसेल तर?"

ते पावाचा तुकडा तोडत आणि पुन्हा दाराकडे बघत. दिवसेंदिवस घास वाढत होता, त्यांच्या पाठीमागे, आणि ते तोंड पाटाकडे करून बसलेले. आता वाटतं, तिथेच चूक होती, पण आमच्यापैकी कुणाला ती दिसली नाही. आमच्या लेखी पाणी म्हणजे पाटातलं पाणी. दारातून येणारं, मोजता येणारं, कुलूप घालता येणारं.

जूनच्या शेवटच्या रविवारी प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीचा पाव नि द्राक्षारस; मनात खोट असेल तर तो घ्यायचा नसतो. प्याला हातोहात बाकांवरून येत होता. फेटर तिसऱ्या बाकावरून उठून केव्हाच शेवटच्या बाकावर गेले होते, आमच्या मागे. प्याला त्यांच्या हातात आला आणि त्यांनी तो तसाच पुढे दिला. मी वळून बघायला नको होतं, पण बघितलं. बाहेर आल्यावर मी विचारलं.

ते म्हणाले, "मी प्रभूसमोर एक शब्द बोललो आणि तो खरा होत नाहीये. का होत नाही ते कळेपर्यंत राहू दे."

त्या रात्री मी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. खरं सांगायचं तर मी दमले होते. सगळं वर्षच तसं होतं. आल्विनची पाठ, कोरडी हवा, पाटावरच्या लोकांची एकमेकांकडे बघण्याची ती नजर. प्रार्थना करता करता मला झोप लागली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी बीटचं लोणचं काढायला तळघरात गेले आणि पाय पाण्यात पडला. कोपऱ्यात मे महिन्यापासून ओल होती. मी बटाटे फळीवर उचलून ठेवले होते आणि आल्विन म्हणाला होता पाइप गळत असेल, बघतो. त्यानं बघितलं नव्हतं. आता घोट्याच्या खालपर्यंत पाणी होतं. बरण्या वर न्यायला हवी होती मदत, आणि आल्विन गव्हाच्या कापणीवर. मी फेटरना बोलावलं. त्यांचे गुडघे माहीत असूनही बोलावलं. म्हटलं, निदान तासभर त्या खुर्चीतून उठतील.

ते एक एक पायरी उतरत आले. शेवटच्या पायरीवर थांबले. बरण्यांकडे त्यांनी बघितलंच नाही. वाकून पाण्यात हात घातला.

"हे पाइपचं नाही," ते म्हणाले.

"कशावरून?"

"केवढं गार आहे. आणि पाइपचं पाणी वरून येतं. हे बघ, भिंत वर कोरडी आहे." हात तसाच पाण्यात. "कधीपासून?"

"मे महिन्यापासून."

"मे महिन्यात कधी?"

मी वर जाऊन वही आणली. पायरीवर उभी राहून वाचून दाखवलं. एकोणीस मे, ढगाळ, वारा नाही, तळघराच्या कोपऱ्यात ओल, बटाटे उचलले. त्यांनी विचारलं, "माझ्या घासाचं काय लिहिलंयस? हिरवा कधी झाला?" मी पानं उलटली. बावीस मे, फेटरच्या रानात मधे हिरवा पट्टा दिसला.

"आधीची चाळीस वर्षं कधी इथे पाणी आलं होतं?"

"कधीच नाही."

ते पायरीवर बसले. माझे पाय गारठले, पण मला हलवेना.

संध्याकाळी आल्विन आल्यावर त्यांनी त्याच्याकडून खांबाचे खड्डे खणायचं गिरमिट मागितलं. आल्विन म्हणाला, राहू द्या, मीच खणतो. घासाच्या मधोमध त्यानं खणायला घेतलं. दोन फुटांपर्यंत माती. तीन फुटांवर खडी आणि ती ओली. चार फुटांवर गिरमिट वर काढलं तेव्हा त्याच्या पात्यावरून पाणी गळलं. आम्ही तिघं खड्ड्याच्या तोंडाशी उभे राहिलो. खाली हळूहळू उपळ भरत होती. आधी एक चकाकी, मग हातभर पाणी. वर संध्याकाळचं आभाळ दिसायला लागलं त्यात.

"ती भिंत," आल्विन म्हणाला. "खाणीची. खालून नदीकडे जाणारं पाणी तिला अडलं आणि इकडे चढलं."

फेटरना खाली बसायचं होतं. आम्ही त्यांना दोन्हीकडून धरून बसवलं.

"मी बारा लिहिलं," ते म्हणाले.

"तेव्हा बाराच होतं, फेटर."

"तेव्हा होतं, असं कागदावर लिहिलेलं नाही." त्यांनी घासाची एक काडी उपटायचा प्रयत्न केला. ती तुटली, मूळ आलं नाही. "तो कर्टिस म्हणत होता मोजू या. मी दाराशी बसलो, आणि हे माझ्या पाठीमागे खालून पीत होतं."

पुढच्या आठवड्यात पाणी खात्याचा माणूस आला, बरोबर कर्टिस. नळ्या ठोकल्या, मोजलं. आल्विन म्हणाला तसंच निघालं. कर्टिसचा चेहरा उतरला होता. भिंतीमुळे पाणी चढेल हे त्यांच्या कागदांत होतं, पण एवढं आणि एवढ्या लांब चढेल असं त्यांना वाटलं नव्हतं. खात्याच्या माणसानं सांगितलं, घासानं खालून प्यालेलं पाणीही नदीचंच. म्हणून फेटरच्या शेअरमधून तळ्याच्या नावे जमा धरलेलं पाणी त्या उन्हाळ्यापुरतं धरता यायचं नाही. तेवढं खडीवाल्यांनी दुसरीकडून आणून नदीत घालावं. आणि घास काढावा. चोरीचा प्रश्न नव्हता. तो त्यानं विचारलाही नाही.

दोन दिवसांत सगळ्या पाटावर ही बातमी पोचली. हार्वी आमच्या अंगणात आला तेव्हा फेटर ओसरीवर बसले होते. योलीही होती, तिला मी जेवायला थांबवलं होतं.

"मी आपली थट्टा केली होती, फेटर," हार्वी म्हणाला. "मनावर घेऊ नका."

"थट्टा नव्हती ती."

"बरं, नव्हती. पण आता कळलंच ना सगळ्यांना, तुम्ही काही केलेलं नाही."

"तुझे बीट वाळले ना?"

"ते काय तुमच्यामुळे? बर्फच पडलं नाही."

"थोडे माझ्यामुळे. किती, ते सांगता येणार नाही. पण थोडे." मग ते योलीकडे वळले. "ती लाल वही कुठे आहे?"

लाल वही म्हणजे त्यांच्या काळातली. पाळी नसताना कुणी पाणी घेतलं की तारीख, दार आणि नाव त्यात लिहिलं जाई. निम्म्या पाटाची नावं आहेत तिच्यात, पाळकसाहेबांचंही. योली म्हणाली ती ऑफिसात कपाटात पडली आहे, आता कुणी काढत नाही, सगळं फोनवर असतं.

"घेऊन ये."

"कशाला?"

"माझं नाव लिहायला."

हार्वी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की दुसरं कुणी हसत नाहीये.

"फेटर, दार उघडलंच नाही तर मी लिहू काय?" योली म्हणाली. "वहीत दाराचा रकाना आहे."

"लिही, दार बंद. पाणी घेतलं. आणि नाव."

"असं कुणी लिहीत नाही."

"हार्वीला विचार, मी त्याचं लिहिताना त्यानं मला किती कारणं सांगितली होती. त्याची पोरगी आजारी होती, दाराचं चाक अडकलं होतं. खरीच होती कारणं. मी तरी लिहिलं."

हार्वी खाली बघत होता. "पोरगी आजारी होती खरंच," तो म्हणाला, कुणाला उद्देशून नाही.

"मला तेव्हाही माहीत होतं," फेटर म्हणाले.

योली दोन दिवसांनी वही घेऊन आली. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं लिहिलं, त्यांनी सांगितलं तसं, आणि खाली त्यांनी सही केली. सहीला वेळ लागला, बोटं आता वळत नाहीत. पुढच्या प्रभुभोजनाला प्याला आला तेव्हा त्यांनी तो घेतला. बाक मात्र शेवटचाच.

ऑगस्टमध्ये आल्विननं घास नांगरला. फेटरनी ट्रॅक्टरवर बसायचा प्रयत्न केला, पण पाय वर जाईना. तीनदा नांगर घालावा लागला. मुळं अंगठ्याएवढी जाड, पिवळी, वितळलेल्या लोण्यासारखी आतून ओली. ती तुटल्याचा वास दोन दिवस घरात होता. लसूणघासाचा ओला वास मला नेहमी आवडायचा, त्या दिवसांत मी खिडक्या लावून घेतल्या. चौथ्या दिवशी वारा सुटला आणि ताटात, अंथरुणात, गीतांच्या पुस्तकाच्या पानांत माती आली. मी झाडत होते आणि पुन्हा झाडत होते.

घास एवढ्यानं मरत नाही. आठ दिवसांत इथे-तिथे कोंब आले. फेटर रोज सकाळी फावडं घेऊन जायला लागले. एका कोंबापाशी थांबायचं, फावड्याच्या दांड्यावर भार द्यायचा, कापायचं, पुढे जायचं. चाळीस एकर. आल्विन म्हणाला औषध मारू या, त्यांनी मारूही दिलं, तरी ते जातच राहिले. ज्या हातांनी पेरलं त्या हातांनी कापताना त्यांना काय वाटत होतं ते मी कधी विचारलं नाही. एकदा हाक मारून जेवायला बोलावलं तर म्हणाले, "हा तुकडा होऊ दे." त्या आवाजात रागही नव्हता नि दुःखही नव्हतं. कामाचा आवाज होता.

सप्टेंबरच्या शेवटी खात्याचा माणूस शेत बघायला आला. तोच, तरुण, चष्मेवाला. शेतातून एक चक्कर मारली. सगळं तपकिरी होतं. त्यानं फळीवरच्या कागदावर खुणा केल्या आणि गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून फेटरना म्हणाला, "छान आहे, कोरडं आहे. इथे सही करा. आणि हा खालच्या पाण्याचा रकाना. जुलैत मी चार फूट मोजलं होतं, तेच लिहून टाकतो."

"ते जुलैत," फेटर म्हणाले.

"फारसा फरक पडणार नाही. घासच नाही तर आता त्याचा काही उपयोगही नाही."

"रकाना आहे ना?"

"आहे."

"मग मोज."

त्या माणसानं घड्याळ बघितलं. त्याला अजून पाच शेतं होती, असं तो म्हणाला. फेटर फावड्याला टेकून उभे राहिले, रस्ता अडवून नव्हे, पण तिथेच. शेवटी त्यानं गाडीतून नळी आणि हातोडा काढला. मधे मोजलं, चार फूट सात इंच. फेटर म्हणाले, आता कोपरे. चारही कोपऱ्यांवर तो ठोकत गेला आणि फेटर त्याच्या मागून पाय ओढत गेले. प्रत्येक ठिकाणी टेप वर आली की ते स्वतः आकडा वाचून घेत, चष्मा कपाळावर सारून, टेप डोळ्यांजवळ नेऊन. नदीकडच्या कोपऱ्यावर तीन फूट दोन इंच. माझ्या बाजूच्या कोपऱ्यावर पाच.

यात दुपार गेली. सही झाली तेव्हा तीन वाजत आले होते. मी दोघांना आत बोलावलं. पाहुण्यानं आढेवेढे घेतले, मग हात धुऊन बसला. फेटरनी डोकं वाकवून प्रार्थना म्हटली, रोजचीच, लहान. मग दोघं खाली मान घालून सूप प्यायले. मी पाव पुढे सरकवला. फेटरनी त्याचा तुकडा तोडला, तो हातात तसाच राहिला आणि त्यांना बसल्या बसल्या डुलकी लागली.

पाहुण्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "राहू द्या. उठवू नका."